कॅटॅलिस्ट शाबूत, तरी सल्फर वाढतंय: अवशेष तेलाच्या युनिटमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका रिफायनरीतल्या अवशेष तेलाच्या हायड्रोडीसल्फरायझेशन युनिटचं आहे, म्हणजे हायड्रोजनच्या मदतीने तेलातलं सल्फर काढणाऱ्या युनिटचं. रिफायनरी आणि माणसं ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही. आकडे ढोबळ केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच राखलं आहे, कारण सगळा उलगडा त्या नात्यातूनच झाला.

क्रूडमधून पेट्रोल, केरोसीन, डिझेल निघून गेल्यावर डिस्टिलेशन टॉवरच्या तळाशी जे जाड, काळं तेल उरतं, ते या युनिटचं फीड, म्हणजे आत जाणारा कच्चा माल. क्रूडमधली नकोशी वाटणारी बहुतेक सगळी मंडळी तिथेच गोळा झालेली असतात: सल्फर, निकेल, व्हॅनेडियम आणि अस्फाल्टीनचे मोठाले रेणू. इथल्या फीडमध्ये सल्फर ४ टक्के आणि निकेल-व्हॅनेडियम मिळून सुमारे ८० पीपीएम (दहा लाख भागांत ८० भाग) होतं.

हे तेल हायड्रोजनबरोबर सुमारे १७० बार दाबाखाली चार रिॲक्टरांतून जातं. पहिला गार्ड रिॲक्टर. त्यात मोठ्या छिद्रांचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) असतो. लोह, गाळ आणि धातूंचा पहिला मारा तो अंगावर घेतो. पुढे छिद्रं बारीक होत जातात आणि सल्फर काढायची ताकद वाढत जाते. ॲल्युमिनावर बसवलेले मॉलिब्डेनम आणि निकेल किंवा कोबाल्ट यांचे सल्फाइड हे काम करतात. कार्बनच्या साखळीतून किंवा वलयातून सल्फरचा अणू सुटतो, हायड्रोजनशी जोडला जाऊन हायड्रोजन सल्फाइड होतो, अमाइनच्या द्रावणात शोषला जातो आणि शेवटी क्लॉस युनिटमध्ये पिवळं सल्फर बनून बाहेर पडतो.

युनिटमधून तयार होऊन निघणाऱ्या जड तेलात (पुढे ‘तळाचं तेल’ म्हटलंय ते हेच) सल्फर ०.४५ टक्के ठेवायचं उद्दिष्ट होतं. त्यामागे जहाजांच्या इंधनाचा नियम आहे. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टानुसार १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा ३.५० वरून ०.५० टक्क्यांवर आली. चाचणीतली नेहमीची तफावत धरली तर एकाच चाचणीच्या भरवशावर माल देणाऱ्याने ०.४७ च्या आत राहायला हवं. म्हणजे ०.४५ आणि नापास माल यांच्यात फारसं अंतर नाही.

हे अंतर तापमानाने राखतात. कॅटॅलिस्ट जसजसा कोक (तेलातून जमणारा कार्बनचा थर) आणि धातूंनी भरत जातो, तसतसं रिॲक्टरचं सरासरी तापमान थोडं थोडं चढवायचं. या युनिटची एक फेरी साधारण अकरा महिन्यांची. पाचव्या महिन्यात सरासरी तापमान ३८५ अंश सेल्सिअस होतं आणि शेवटची मर्यादा ४०८ अंश. मधले तेवीस अंश म्हणजे उरलेल्या सहा महिन्यांचा शिधा. आज जास्त खर्च केला, तर तो पुढे कुठूनही भरून निघत नाही.

अडचण

पाचव्या महिन्यात रीसायकल गॅसचा, म्हणजे हायड्रोजन पुन्हा पुन्हा फिरवणारा, कॉम्प्रेसर अचानक बंद पडला. सुरक्षा यंत्रणेने आपलं काम केलं आणि युनिटचा दाब झपाट्याने उतरवला गेला. दोन दिवसांत युनिट परत उभं राहिलं. फ्लो, तापमान, दाब सगळं पूर्ववत दिसत होतं. लॉगमध्ये ‘रीस्टार्ट नॉर्मल’ अशी नोंद झाली आणि विषय संपला.

तीनेक आठवड्यांनी तळाच्या तेलातलं सल्फर ०.४५ वरून ०.५२ वर गेलं. आधी सॅम्पलवर संशय घेतला गेला. दुसरं सॅम्पल लावलं, तेही तेवढंच आलं. फीडचं सल्फर तपासलं, ते ४ टक्क्यांवरच होतं.

शिफ्टने तापमान ३ अंशांनी वाढवलं. सल्फर ०.४८ वर उतरलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. दहा-बारा दिवसांनी ते पुन्हा ०.५४ वर होतं. परत ३ अंश दिले, ०.५० आलं. मग ०.५५. आणखी ३ अंश, तरी ०.५२.

महिना-दीड महिन्यात ९ अंश खर्ची पडले आणि आकडा पुन्हा पहिल्याच ०.५२ वर येऊन थांबला. या वेगाने उरलेला शिधा जेमतेम दोन महिने पुरला असता. टाक्यांमध्ये नापास माल साठू लागला तो वेगळाच.

पहिला अर्थ आणि पहिला निर्णय

बैठकीत निघालेला पहिला निष्कर्ष असा: अचानक बंद पडण्याच्या गडबडीत कॅटॅलिस्ट दुखावला आहे. हायड्रोजनचा प्रवाह थांबलेला असताना तेल गरम रिॲक्टरात अडकून राहिलं तर कोक जमतो, हे खरं आहे. त्यामुळे हा तर्क उथळ म्हणता येणार नाही. शिवाय त्याला पुरावाही होता. युनिटमधून थोडं डिझेल निघतं, त्यातलं सल्फर दीडशे पीपीएमच्या आसपास असायचं. ते चारशेच्या वर गेलं होतं. तळाचं तेल आणि डिझेल दोन्ही एकाच वेळी बिघडत असतील, तर दोष दोघांच्या सामाईक गोष्टीत असणार, आणि सामाईक गोष्ट म्हणजे कॅटॅलिस्ट. ऐकायला हे पक्कं वाटतं.

दुसरा संशय होता तेल बेडमध्ये, म्हणजे रिॲक्टरातल्या कॅटॅलिस्टच्या थरात, सारखं न पसरण्याचा. गार्ड बेडच्या तोंडाशी लोहाचं सल्फाइड आणि गाळ यांची पपडी धरली, तर तेल एका बाजूने वाट काढतं आणि उरलेला कॅटॅलिस्ट कोरडा राहतो. पण तसं असतं तर बेडवरचा प्रेशर ड्रॉप (आत शिरताना आणि बाहेर पडताना दाबात पडणारा फरक) चढला असता आणि एकाच पातळीवरच्या तापमापकांमध्ये फरक पडला असता. प्रेशर ड्रॉप जागच्या जागी होता आणि तापमापक दोन-तीन अंशांच्या आत होते. हा संशय लवकर निकाली निघाला आणि तो निकाल बरोबरच होता.

उरला कॅटॅलिस्ट. नियोजन विभागाने नव्या कॅटॅलिस्टची मागणी पुढे ओढायची तयारी सुरू केली. तो यायचा तेव्हा येईल, तोवर तापमान चढवत राहायचं, असं ठरलं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच होता, आणि तो निर्णय आहे असं त्या वेळी कुणाला वाटलंही नाही. तापमान वाढवणं ही शिफ्टची रोजची क्रिया. तिला ना सही लागते ना बैठक. तीन-तीन अंशांनी नऊ अंश गेले आणि एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही की हे अंश नेमके कशासाठी जात आहेत.

प्रयोगशाळेतून आलेला प्रश्न

दिशा बदलली ती प्रयोगशाळेतल्या एका रसायनतज्ज्ञ बाईंमुळे. डिझेलचा आकडा कळवताना त्यांनी प्रोसेस इंजिनिअरला विचारलं, “सल्फर किती आहे ते मी सांगितलं. कुठलं आहे ते बघायचं का?”

तेलातलं सगळं सल्फर सारखं नसतं. मर्कॅप्टन आणि साधे सल्फाइड हायड्रोजनपुढे चटकन हार मानतात. बेंझोथायोफीन थोडी झुंज देतात, पण ३८५ अंश आणि १७० बारपुढे त्यांचा टिकाव लागत नाही. डायबेंझोथायोफीन आणखी चिवट. सगळ्यात हट्टी ४,६-डायमिथिल डायबेंझोथायोफीन: त्यात सल्फरच्या दोन्ही अंगांना एकेक मिथिल गट उभा असतो, त्यामुळे सल्फरचा अणू कॅटॅलिस्टच्या पृष्ठभागाला नीट टेकतच नाही. म्हणून युनिटमधून बाहेर पडलेल्या डिझेलमध्ये जे सल्फर उरतं, ते बहुतेक या हट्टी घराण्यातलं असतं. कॅटॅलिस्ट थकला तर या घराण्याचं प्रमाण वाढेल. पण सोप्या घराण्यातले रेणू मोठ्या संख्येने परत दिसू लागले, तर थकलेला कॅटॅलिस्ट हे त्याचं कारण असू शकत नाही. थकलेल्या कॅटॅलिस्टलाही ते जड जात नाहीत.

सल्फर ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून प्रत्येकाचं शिखर आलेखावर काढणाऱ्या यंत्रावर, डिझेलचं सॅम्पल लावलं. कागदाच्या उजव्या टोकाला हट्टी शिखरं होती, ती अपेक्षितच. पण त्यांच्या डावीकडे, जिथे रेषा जवळपास सपाट हवी, तिथे शाखा असलेल्या बेंझोथायोफीनची झुडपासारखी दाट गर्दी उभी होती. मग फीडच्या हलक्या टोकाचा थोडा भाग वेगळा काढून त्याचाही आलेख घेतला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले, तर डावीकडची गर्दी शिखराला शिखर जुळत होती.

म्हणजे कॅटॅलिस्टचं तोंडही न पाहिलेलं कच्चं फीड उत्पादनात मिसळत होतं.

आता आधीच्या आकड्यांचा अर्थ लागू लागला. हिशोब अगदी सोपा आहे. रिॲक्टरातून नीट गेलेलं ९८ भाग तेल ०.४५ टक्क्याचं आणि त्यात २ भाग कच्चं फीड ४ टक्क्याचं, तर मिश्रणात ०.४४ अधिक ०.०८, म्हणजे ०.५२. पहिल्या दिवशी आलेला आकडा नेमका हाच होता. पुढे गळती ५ टक्क्यांपर्यंत गेली असेल, तर नुसत्या गळतीतूनच ०.२० टक्के सल्फर येणार, आणि ते कितीही तापमान दिलं तरी हलणार नाही. एकूण ०.४७ गाठायचं तर रिॲक्टरमधल्या तेलाला ०.२८ पर्यंत नेऊन ती भरपाई करायची. त्याला सुरुवातीच्या तापमानापेक्षा चौदा-पंधरा अंश जास्त लागले असते. धडधाकट कॅटॅलिस्टला दुसऱ्याच्या दोषाची फेड करायला लावलं जात होतं.

हायड्रोजनच्या नोंदींमध्येही हे दिसत होतं. फीडच्या प्रत्येक घनमीटरमागे लागणारा हायड्रोजन या दीड महिन्यात वाढला होता. कॅटॅलिस्ट मरत असता तर तो कमी व्हायला हवा होता. मात्र तापमान वाढलं की जड रेणू तुटण्यातही हायड्रोजन जातो, त्यामुळे एवढ्या एका नोंदीवर कुणी पैज लावली नसती, हेही खरं. शिखरांचा आलेख हाती आल्यावर तिचं वजन वाढलं.

गळती कुठे

कच्चं फीड आणि तयार तेल एकमेकांच्या अगदी जवळ येतात ती जागा एकच: फीड-एफ्लुएंट हीट एक्स्चेंजर. रिॲक्टरातून बाहेर पडलेलं गरम तेल आत जाणाऱ्या फीडला तापवतं. मध्ये फक्त नळ्यांची भिंत, ट्यूबशीट (नळ्यांची टोकं धरून ठेवणारी जाड तबकडी) आणि फट बंद करणारं तिचं गास्केट. फीडच्या बाजूचा दाब तयार तेलाच्या बाजूपेक्षा नेहमी जास्त, कारण भट्टी आणि चारही रिॲक्टरांमधला प्रेशर ड्रॉप मधे येतो. म्हणून गळती झालीच तर ती कच्च्याकडून तयार तेलाकडेच होणार. बाहेर एक थेंब दिसत नाही आणि कुठलाही अलार्म वाजत नाही.

इथे असे एक्स्चेंजर एकापुढे एक लावलेले होते, सगळे ब्रीच-लॉक पद्धतीचे, म्हणजे आट्यांच्या रिंगने तोंड बंद होणारे. त्यातला नेमका कुठला आणि गळती किती, हे ठरवायला रेडिओट्रेसर चाचणी घेतली. ब्रोमीन-८२ जोडलेलं सेंद्रिय संयुग अगदी थोडं फीडमध्ये सोडायचं आणि पाइपच्या बाहेरून डिटेक्टर लावायचे. या ब्रोमीनचा अर्धायुकाल सुमारे ३५ तासांचा, त्यामुळे थोड्याच दिवसांत त्याचा मागमूस उरत नाही. ट्रेसरचा मोठा भाग भट्टी आणि रिॲक्टर फिरून उशिरा बाहेर येतो. एखाद्या एक्स्चेंजरच्या बाहेर त्याच्या कितीतरी आधी छोटं शिखर उठलं, तर ती आडवाट तिथेच. दुसऱ्या एक्स्चेंजरवर ते उठलं. दोन शिखरांच्या क्षेत्रफळांवरून गळती ५ टक्क्यांच्या आसपास निघाली. कागदावरचा हिशोब आणि पाइपवरची मोजणी जुळल्यावर ‘कॅटॅलिस्ट गेला’ म्हणणारं कुणी उरलं नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, तापमान चढवत राहणं, आता उघडच चुकीचा होता. पण त्याचं आणखी एक नुकसान तोवर पुढे आलं होतं. तापमान वाढलं की अस्फाल्टीनच्या कडेच्या साखळ्या तुटतात आणि त्याचा गाभा उघडा पडतो. भोवतालचं तेलही हायड्रोजन घेऊन कमी ॲरोमॅटिक झालेलं असतं, म्हणजे अस्फाल्टीनला धरून ठेवणारे वलयांचे रेणू त्यात कमी झालेले असतात. मग अस्फाल्टीन तेलात तरंगत राहत नाही, गाळ बनून खाली बसतो. जहाजांच्या इंधनाला संभाव्य गाळाची मर्यादा ०.१० टक्के असते; शेवटच्या खेपेला तो आकडा ०.०८ होता. सल्फर वाचवताना गाळ नापास झाला असता.

दुसरा पर्याय, कमी सल्फरचं तेल मिसळून ०.५० च्या आत आणणं. टाक्या भरत चालल्या होत्या, त्यामुळे याचा मोह मोठा होता. पण हाताशी असलेलं कमी सल्फरचं तेल मेणयुक्त, पॅराफिनी होतं. दोन्ही तेलं मिसळून फिल्टर कागदावर थेंब टाकला, तर मधे गडद कडं उमटलं. म्हणजे अस्फाल्टीन सुटू लागलं होतं. ही चाचणी तासा-दोन तासांची, आणि तिने एक आख्खी टाकी बिघडण्यापासून वाचवली. पर्याय तिथेच सोडला.

तिसरा, फीड कमी करणं. फ्लो कमी झाला की सर्किटचा प्रेशर ड्रॉप कमी होतो, गळतीमागचा रेटा कमी होतो आणि उरलेल्या तेलाला कॅटॅलिस्टचा सहवास जास्त मिळतो. उपाय बरा, पण तोट्याचा. मुख्य म्हणजे गळतीचं तोंड मोठं होत जाणं त्याने थांबत नाही.

चौथा, युनिट बंद करून एक्स्चेंजर उघडणं. कागदावर हा सर्वांत स्वच्छ पर्याय. पण १७० बारचं अवशेष तेलाचं युनिट बंद करणं हे काही व्हॉल्व्ह फिरवण्याइतकं सोपं काम नाही. आधी जड तेल हलक्या तेलाने धुऊन काढावं लागतं, नाहीतर ते थंड होऊन नळ्यांमध्ये गोठतं. रिॲक्टरचं जाड क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद गार असताना ठिसूळ वागू शकतं, म्हणून आधी दाब उतरवायचा आणि मगच ठरलेल्या तापमानाखाली यायचं. एक्स्चेंजरच्या आतल्या स्टेनलेस स्टीलवर सल्फाइडचा थर असतो. हवा आणि ओलावा लागला की त्यातून पॉलिथायोनिक आम्ल तयार होतं आणि धातूला तडे जातात. म्हणून उघडण्याआधी सोडा ॲशच्या द्रावणाने आत धुवायचं. शिवाय अर्धी फेरी झालेला कॅटॅलिस्ट अशा थांब्यानंतर पूर्वीच्याच जोमाने उठेल, याची खात्री देता येत नाही.

पाचवा पर्याय ब्रीच-लॉकच्या रचनेतून आला. या एक्स्चेंजरच्या तोंडाला मोठी आट्यांची लॉक रिंग असते आणि तिच्यात बोल्टची दोन वर्तुळं. बाहेरचं वर्तुळ झाकणाच्या गास्केटवर दाब देतं. आतलं वर्तुळ आतल्या दांड्यांमार्फत ट्यूबशीटच्या गास्केटवर दाब देतं. आतले बोल्ट बाहेरून, युनिट चालू असतानाही, आवळता येतात. आतली गळती थांबवण्यासाठीच ती सोय केलेली असते.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

देखभाल विभागाच्या प्रमुखांनी सुरुवातीला स्पष्ट विरोध केला. आत हायड्रोजन आहे, हायड्रोजन सल्फाइड आहे, तापमान असं की गरम तेल बाहेर आलं तर पेटायला ठिणगीचीही गरज नाही. अशा भांड्यासमोर माणसं पाने घेऊन उभी करायची का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त आदर या विरोधाबद्दल वाटतो, कारण त्यामुळेच काम नीट आखलं गेलं.

शेवटी परवानगी अटींवर मिळाली. फीड आधी ३० टक्क्यांनी कमी करायचं आणि युनिट एक दिवस स्थिर ठेवायचं. बाहेरचं वर्तुळ घट्ट आहे आणि झाकणाकडून गॅसचा मागमूस नाही, हे आधी तपासायचं. बोल्ट आवळण्याची कमाल मर्यादा बनवणाऱ्याकडून लेखी घ्यायची आणि त्याचा तज्ज्ञ जागेवर हवा. जवळ फक्त आवश्यक तेवढी माणसं, सगळ्यांच्या पाठीला श्वसनसंच, आणि झाकणाच्या बरोबर समोर कुणीच उभं राहायचं नाही. गॅस डिटेक्टर वाजला की हातातलं टाकून मागे फिरायचं. कुणाला विचारायचं नाही.

आतल्या वर्तुळातल्या प्रत्येक बोल्टला खडूने क्रमांक घातला. समोरासमोरच्या जोड्या धरून प्रत्येक वेळी थोडाच पीळ द्यायचा, एक फेरा पूर्ण झाला की थांबायचं. मग डिझेलचं सॅम्पल घ्यायचं आणि क्रोमॅटोग्राफ काय म्हणतो ते ऐकूनच पुढचा फेरा. एरवी सल्फरच्या एका आकड्यासाठी थांबणारे लोक आता बेंझोथायोफीनच्या उंचीकडे डोळे लावून बसले होते. पहिल्या फेऱ्यानंतर काहीच फरक पडला नाही. दुसऱ्यानंतर शिखरं निम्म्यावर आली. तिसऱ्यानंतर आणखी थोडी उतरली. चौथ्या फेऱ्यात काही बोल्ट मर्यादेला टेकले, आणि तज्ज्ञाने हात वर करून काम थांबवलं. गळती पूर्ण बंद झाली नव्हती. आणखी थोडं आवळू या, अशी सूचना आली. ती मान्य झाली नाही.

परिणाम

गळती अंदाजे ५ वरून दीड टक्क्यावर आली. आता तिच्यातून फक्त ०.०६ टक्के सल्फर येत होतं. तापमान नऊपैकी सहा अंशांनी खाली आणलं तरी तळाचं तेल ०.४७ च्या आत राहिलं. गाळाचा आकडाही उतरला. फीड टप्प्याटप्प्याने पूर्ववत झालं आणि नापास साठा थोडा थोडा करून युनिटमधून परत फिरवला गेला.

वाचलेले सहा अंश मात्र पूर्ण सहा अंश नव्हते. दीड महिना जास्त तापमानात घालवताना कॅटॅलिस्टवर जो जादा कोक बसला, तो तापमान उतरवल्याने जात नाही. पुढच्या महिन्यांत तापमान चढवण्याचा वेग योजनेपेक्षा थोडा जास्तच राहिला आणि फेरी अकरा महिन्यांऐवजी साधारण दहा महिन्यांवर संपली. नवा कॅटॅलिस्ट तोवर पोहोचला होता, त्यामुळे आधी घाईने पुढे ओढलेली मागणी अनपेक्षितपणे उपयोगी पडली.

शटडाऊनमध्ये दुसरा एक्स्चेंजर उघडला. गास्केटच्या आतल्या कडेचा काही भाग झिजून गेला होता आणि ट्यूबशीटच्या बसणीवर (गास्केट टेकतं त्या जागेवर), बोटाच्या नखाला जाणवेल एवढी, दोऱ्यासारखी बारीक खाच पडली होती. दाब झपाट्याने उतरला तेव्हा जाड आणि पातळ भाग कमी-जास्त वेगाने गार झाले, गास्केटवरची पकड सैल झाली, फीडला वाट मिळाली आणि पुढे त्या वाटेने स्वतःला रुंद करत नेलं. गळती हळूहळू वाढत का गेली, याचं उत्तर त्या खाचेत होतं. बसण मशीनवर घासून सपाट केली आणि नवं गास्केट बसवलं. रिॲक्टरांतून काढलेल्या कॅटॅलिस्टची तपासणी झाली. धातूंचा साठा त्या वयाला साजेसा होता. कॅटॅलिस्ट दुखावल्याची एकही खूण सापडली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत आधी, तापमानाबद्दल. शिफ्टने पहिले ३ अंश दिले यात काहीच वावगं नाही. माल नापास होत असताना हात बांधून बसता येत नाही. पण दुसऱ्यांदा हात घालण्याआधी थांबायला हवं होतं. आता या युनिटमध्ये दहा दिवसांत ३ अंशांपेक्षा जास्त वाढ करायची असेल, तर प्रोसेस इंजिनिअरची सही लागते आणि सहीच्या रकान्याशेजारी ‘कारण’ असा रकाना आहे. ‘सल्फर वाढलं’ हे कारण म्हणून चालत नाही.

दुसरं, क्रोमॅटोग्राफ प्रयोगशाळेत पहिल्यापासून होता. लागणारी चाचणी एका दिवसाची होती. ती उशिरा झाली, कारण उत्पादन विभाग आणि प्रयोगशाळा यांच्यात फक्त आकड्यांची देवाणघेवाण चालायची. सॅम्पलची चिठ्ठी खाली जायची आणि एक संख्या वर यायची. ती संख्या काय सांगत असेल, यावर बोलायला जागाच नव्हती. रसायनतज्ज्ञ बाईंनी स्वतःहून प्रश्न विचारला नसता, तर निरोगी कॅटॅलिस्ट काढून टाकला गेला असता आणि नवा कॅटॅलिस्ट पहिल्याच आठवड्यात ‘खराब’ ठरला असता. आता त्या बाई रोज सकाळच्या बैठकीला असतात.

तिसरं, फेरीच्या सुरुवातीला, सगळं ठणठणीत असताना, डिझेलचा एक आलेख काढून ठेवला असता, तर तुलना तासाभरात झाली असती. आता तो महिन्यातून एकदा काढतात आणि दाब अचानक उतरवावा लागला तर युनिट परत उभं राहिल्यावर दुसऱ्याच दिवशी.

ट्रेसर चाचणी आवश्यक होती का, यावर संघात अजून दुमत आहे. आलेख पुरेसा होता, थेट आवळायला घ्यायचं होतं, आठवडा वाचला असता, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. एक्स्चेंजर अनेक होते, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी माणसं उभी करून अंदाजाने आवळत जाणं म्हणजे धोका तितक्या पट वाढवणं. नेमकं ठिकाण कळल्यामुळे तो एकदाच पत्करावा लागला. देखभाल प्रमुखांच्या विरोधाला खरं उत्तरही त्या चाचणीनेच दिलं.

एका मुद्द्यावर मात्र माझ्याकडे ठाम उत्तर नाही. गळती दीड टक्क्यावर आणून पुढचे महिने तशीच वागवणं योग्य होतं का? खाच रोज थोडी खोल होत होती. बसण घासण्यापलीकडे गेली असती, तर ट्यूबशीट बदलावी लागली असती आणि तेवढ्या जाडीचा तयार तुकडा कुणी ठेवत नाही. संघाने दर आठवड्याला शिखरांची उंची मोजायची आणि गळती ३ टक्क्यांना टेकली की युनिट थांबवायचं, अशी रेघ आधीच आखून घेतली होती. प्रत्यक्षात ती सव्वादोनपर्यंत गेली आणि तिथे फेरी संपली.